डाव्या स्पीकरमधली बाई

मी एक जुनी तबकडी आहे. आता तुम्ही विचाराल, तबकडी म्हणजे काय? विचारा, त्यात तुमचा काही दोष नाही. जेवणाच्या ताटाएवढी, काळी, चपटी आणि मधोमध भोक असलेली एक वस्तू डोळ्यांसमोर आणा. तिच्या अंगावर केसाहून बारीक अशी एक रेघ गोल गोल फिरत पार मध्यापर्यंत गेलेली असते. तबकडी यंत्रावर फिरवायची आणि त्या रेघेत सुई टेकवायची, की गाणं वाजू लागतं. माझ्या पोटात अशी दहा गाणी आहेत, पाच एका अंगाला आणि पाच दुसऱ्याला. सगळी लॅटिन संगीतातली, म्हणजे दक्षिण अमेरिकेकडच्या स्पॅनिश भाषेतली युगुलगीतं. एक पुरुष, एक बाई, मागे गिटार, ट्रम्पेट, ढोल आणि कुणीतरी एक खुळखुळा वाजवणारा. 'आहेत' म्हणाले खरं, पण 'होती' म्हणायला हवं. जुनी सवय, दुसरं काय!

मित्रांनो, माझा जन्म एका कारखान्यात झाला. काळे दाणे वितळवून त्यांचा गोळा केला, गोळा दोन साच्यांमधे ठेवला, वरून वाफेचा दाब दिला, आणि अर्ध्या मिनिटात मी तयार! एवढ्या घाईत जन्मलेल्या वस्तूनं इतकी वर्षं टिकावं याचं मला स्वतःलाच नवल वाटतं. माझ्यातले ते दोघं गायक काही नवरा-बायको नव्हते. उलट त्यांचं कशावरून तरी बिनसलेलं होतं आणि ते एकमेकांशी बोलत नव्हते. ध्वनिमुद्रण करणाऱ्यानं खोलीच्या मधोमध एक गोधडी टांगली, एकाला अलीकडे उभं केलं आणि एकीला पलीकडे. प्रेमाची दहा गाणी त्यांनी एकमेकांचं तोंड न बघता म्हटली. पण म्हटली मात्र अशी, की ऐकणाऱ्याला वाटावं, हे आता लग्न करूनच बाहेर पडणार.

एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. माझ्या त्या बारीक रेघेला दोन भिंती असतात. आतल्या भिंतीवर कोरलेलं गाणं डाव्या स्पीकरमधून येतं आणि बाहेरच्या भिंतीवरचं उजव्यातून. माझ्या आतल्या भिंतीत बाई होती आणि बाहेरच्या भिंतीत बाप्या. दोघांमधे सुईच्या टोकाएवढंच अंतर.

मला ज्यानं विकत घेतलं तो एक विसराळू प्रवासी होता. त्याच आठवड्यात तो मला बसस्थानकाच्या बाकावर विसरून गाडीत बसला आणि गेला तो गेलाच. माझी रवानगी झाली सापडलेल्या वस्तूंच्या खोलीत. तिथे सतरा छत्र्या होत्या, एकाच पायाच्या बऱ्याच चपला होत्या आणि दातांची एक कवळी होती. कवळी विसरून माणूस प्रवासाला कसा जातो, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

त्या स्थानकावर गाड्यांच्या घोषणा करणारी एक तरुण मुलगी होती. नुकतीच नोकरीला लागलेली. तिला मी पहिल्या दिवसापासून 'ती' म्हणते. आम्ही पुढे इतकी वर्षं एकत्र गायलो, की अहो-जाहो करायला जीभ वळत नाही. तिचा आवाज कसा होता म्हणून सांगू! "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं," असं ती म्हणाली की रडणारं मूलसुद्धा थांबून वर बघायचं. सापडलेल्या वस्तूंची घोषणा करणं हेही तिचंच काम. माझी घोषणा तिनं अशी केली: "एक तबकडी सापडली आहे. वरच्या चित्रात एक मिशीवाले गृहस्थ आणि एक बाई एकमेकांकडे पाठ करून हसत आहेत. ज्यांची असेल त्यांनी ओळख पटवून घेऊन जावी." सगळा फलाट खो खो हसला. तिचे साहेब धावत आले आणि म्हणाले, "अहो बाई, वर्णन वस्तूचं करा! गृहस्थांच्या मिशा कशाला हव्यात?"

मला न्यायला कुणी आलं नाही. तिथला नियम असा होता, की वर्षभर वाट बघायची आणि मग बेवारस वस्तू कर्मचाऱ्यांनी वाटून घ्यायच्या. ज्याची नोकरी जुनी त्यानं आधी निवडायचं. तिचा नंबर आला तेव्हा खोलीत मी आणि कवळी दोघीच उरलो होतो. तिनं मला उचललं. यात माझं फार कौतुक आहे असं नाही, पण उचललं हे खरं.

तिचा नवरा काटे दुरुस्त करायचा. म्हणजे घड्याळाचे नव्हेत, वजनाचे. भाजीवाल्याचा तराजू असो, नाहीतर सोनाराचा काचेच्या पेटीतला काटा, सगळे त्याच्याकडे येत. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान होतं. गल्लीत सगळे त्याला काटेवालाच म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. एका लाकडी पेटीत मखमलीच्या खाचांमधे त्याची पितळी वजनं ओळीनं बसलेली असत, एक ग्रॅमपासून पुढची. त्यांना तो कधी बोटानं शिवत नसे. चिमट्यानं उचलायचा. का, तर बोटाचा घाम लागला तर वजन वाढेल म्हणे! माणूस असा मापातला. पण गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. मी सरळ वाजतेय की उलटी, हेही त्याला सांगता आलं नसतं. तरी तिच्यासाठी त्यानं एक मोडकं वाजवायचं यंत्र कुठून तरी आणलं, खोलून साफ केलं, दोन स्पीकर जोडले आणि मला त्यावर चढवलं.

मग माझे सोन्याचे दिवस आले. दर रविवारी दुपारी ती आठवड्याचे कपडे इस्त्री करायला काढायची आणि मला लावायची. माझी दहाही गाणी तिनं नुसती ऐकून पाठ केली. एका शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता, पण उच्चार असे चोख, की माझ्यातल्या बाईनंही कान टवकारावेत. ती बाईची बाजू म्हणायची. कधी कधी म्हणायची, "अहो, तिला गप्प करा ना जरा." मग काटेवाला डाव्या स्पीकरची तार काढून ठेवायचा, आणि माझ्यातल्या बाप्याबरोबर ती एकटी गायची.

"एवढं काय विचारतो गं तो मिशीवाला तुला?" काटेवाला चिमटा हातात धरून विचारायचा.

"मला काय ठाऊक! पण मी हो म्हणतेय, एवढं कळतं."

"माझ्यासमोर?"

"तुम्हाला कुठे गाण्यातलं कळतं!"

त्यांची लेक त्या इस्त्रीच्या टेबलाखाली खेळत मोठी झाली. शेजारीपाजारी खिडकीपाशी येऊन ऐकत. मला त्या काळात गर्व झाला होता, हे कबूल करते. वाटायचं, आपल्यावाचून या घराचं पान हलत नाही.

पण दिवस काय सारखे राहतात? कॅसेट आल्या, मग सीडी आल्या, मग सगळी गाणी फोनमधे जाऊन बसली. लेक शिकली, दूरच्या शहरात नोकरीला लागली. स्थानकावर घोषणा करायला यंत्र आलं आणि तिला फायलींच्या टेबलावर बसवलं. त्यानंतर घरात गाणं म्हणायचा तिचा उत्साहच गेला. मी कपाटात. बारा वर्षं मी तिथे होते. उभी ठेवली होती, आडवी नाही, एवढंच काय ते नशीब. आडव्या तबकड्या वाकतात. मी त्या काळोखात रुसून बसले होते. आज वाटतं, रुसायला काय झालं होतं मला? अंगावर एक ओरखडा नव्हता. दहाच्या दहा गाणी धडधाकट होती.

ती निवृत्त झाली, आणि त्याच्या दुसऱ्या वर्षी एका सकाळी तिनं मला कपाटातून काढलं. मऊ फडक्यानं गोल गोल पुसलं. यंत्रावरची धूळ झटकली. "अगंबाई, अजून वाजतेय!" असं माझ्याशीच बोलली. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. तिसरं सुरू झालं तेव्हा आवाज वाढवायला तिनं उजवा हात पुढे केला, आणि तो हात मधेच निर्जीव झाला. धप्पकन सुईच्या दांड्यावर पडला. सुई माझ्या अंगावरून कर्रकन फरफटत गेली आणि पाठोपाठ ती खाली कोसळली.

"काय पडलं गं?" काटेवाल्यानं दुकानातून विचारलं.

चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं, की त्यानं विचारावं आणि तिनं उत्तर देऊ नये. तो धावत आला.

महिनाभरानं तिला दवाखान्यातून घरी आणलं. उजवा हात लुळा, उजवा पाय ओढत चालायचा. पण खरा घाव दुसरीकडेच होता. तिचं बोलणं गेलं होतं. कळायचं सगळं. काटेवाल्यानं विनोद केला की हसायची, लेकीचा फोन आला की डोळे भरून यायचे. पण बोलायला गेली की तोंडातून "त... त..." एवढंच निघायचं, आणि मग ती लाजेनं मान खाली घालायची. जिच्या एका वाक्यानं अख्खा फलाट गप्प व्हायचा, तिला पाणी मागता येत नव्हतं. एकदा तर तहानेनं ती स्वयंपाकघराच्या दाराशी नुसती उभी राहिली होती, काटेवाल्याचं लक्ष जाईपर्यंत. तो त्या दिवशी मोरीत जाऊन रडला. नळ सोडून रडला, तरी मला ऐकू आलं.

बोलणं पुन्हा शिकवणाऱ्या एक डॉक्टरबाई आठवड्यातून दोनदा घरी येऊ लागल्या. त्या चित्रं दाखवायच्या, ओठांचे आकार करून दाखवायच्या. दोन महिने झाले, काही उजेड पडेना. एके दिवशी त्यांनी विचारलं, "काका, या गायच्या का हो कधी? बोलणं जातं तरी गाणं कधी कधी आत शाबूत राहतं. ते मेंदूत दुसऱ्या जागी असतं."

काटेवाला उठला आणि मला घेऊन आला.

तिसरं गाणं सगळ्यांत संथ आहे, म्हणून तेच लावलं. आधी बाप्या चार ओळींत काहीतरी विचारतो, मग बाई उत्तर देते. बाप्याच्या चार ओळी झाल्या. माझ्यातली बाई सुरू झाली, आणि मित्रांनो, तिच्याबरोबर ती सुरू झाली! अडखळत नाही, "त... त..." नाही. अख्खी ओळ, सगळ्या शब्दांसकट, सुरात. डॉक्टरबाईंच्या हातातली चित्रं खाली पडली. मला वाटलं, मी याच एका दिवसासाठी जन्माला आले असणार.

डॉक्टरबाईंनी बेत आखला. रोज एकदा हे गाणं तिच्याबरोबर वाजवायचं. ती गाऊ लागली की त्याच चालीवर हळूहळू रोजचे शब्द बसवायचे. "रोज एकदाच हं काका," त्यांनी बजावलं. "ही तबकडी सांभाळा. आणि आधी तिची एक प्रत करून घ्या."

पण त्या सकाळी सुई फरफटली होती ना, तो ओरखडा नेमका तिसऱ्या गाण्यात, बाई सुरू होण्याच्या तोंडावर होता. सुई तिथे पोचली की कधी कधी उडी मारायची आणि मागे जायची. बाप्या पुन्हा तेच विचारायचा. तिनं आ केलेला असायचा, आणि उत्तर द्यायची वेळ यायचीच नाही. मग ती गोंधळायची. डाव्या मुठीनं मांडीवर मारून घ्यायची. काटेवाल्याला ते बघवेना. त्यानं काय करावं? आपली लाकडी पेटी उघडली. चिमट्यानं एक ग्रॅमचं वजन उचललं आणि सुईच्या दांड्यावर ठेवलं. सुई उडाली. दोन ग्रॅमचं ठेवलं. तरी उडाली. पाच ग्रॅमचं ठेवलं, आणि सुई ओरखड्यावरून सरळ निघून गेली. तो हरखला. "बघ, बसली की नाही!" असं तिला म्हणाला. तीही हसली.

मी मात्र कळवळले. पाच ग्रॅम म्हणजे त्याच्या लेखी काहीच नव्हतं. पण तेवढं वजन सुईच्या टोकावर आलं, की ती सुई राहत नाही, नांगर होते. त्यातून ती सुई जुनी, एका अंगानं झिजलेली. तिची झिजलेली कड आतल्या भिंतीला खरवडत जायची. आतल्या भिंतीत कोण होतं, ते मी तुम्हाला सांगितलं आहे. ग्रॅमच्या शंभराव्या भागासाठी सोनाराशी वाद घालणाऱ्या माणसाला हे कळू नये? पण ती गात होती ना. त्यापुढे त्याला काही दिसत नव्हतं. आणि मी ओरडून सांगणार तरी कशी? मला दहा गाण्यांपलीकडे काही बोलता येत नाही.

तिसऱ्या आठवड्यात ती पहिला शब्द बोलली. बाईची ओळ संपली, सूर अजून खोलीत होता, आणि त्याच सुरावर ती म्हणाली, "अहो."

काटेवाला म्हणाला, "काय गं?" अगदी रोजच्यासारखं. आणि मग त्याच्या लक्षात आलं, काय झालं ते. तो तिचा हात धरून कितीतरी वेळ "काय गं, काय गं" एवढंच म्हणत राहिला.

त्यानंतर "पाणी" आलं. "नको" आलं. "बस" आलं. सगळे शब्द त्या चालीवरच यायचे, आणि गाणं झाल्यावर तासभर टिकायचे. मग विरायचे. तेव्हा काटेवाला पुन्हा मला लावायचा. एकदाचं दोनदा झालं, दोनदाचं पाचदा. पुढे पुढे तो दिवसातून पंधरा वेळा लावू लागला, वजन तसंच ठेवून, आणि तिसऱ्यानं भागेना तेव्हा बाकीची नऊ गाणीही. दुकान अर्धवेळ बंद. गिऱ्हाईकं दारावरून परत जात. लेकीचा फोन आला की तो फोन तिच्या तोंडाशी धरायचा, आणि लेक पलीकडून ऐकून रडायची.

"बाबा, त्या तबकडीची कॉपी करून घ्या ना," लेक म्हणाली. "मी सगळीकडे शोधलं. हा अल्बम कुठेही नाही. ती कंपनी कधीच बुडाली. नुसतं मुखपृष्ठाचं चित्र मिळतंय."

काटेवाल्यानं चौकशी केली. जुन्या तबकड्यांची गाणी संगणकावर उतरवून देणारा एक दुकानदार त्याच शहरात होता. तो म्हणाला, आधी धुवावी लागेल, नंबरही लागलेले आहेत, आठ दिवस ठेवून जा.

"आठ दिवस?" काटेवाला घरी येऊन फोनवर लेकीला म्हणाला. "आठ दिवस ती काय करेल गं? आत्ता कुठे चार शब्द आलेत. आठ दिवसांत सगळं विसरली तर?"

"बाबा, पण..."

"बघू. पुढच्या आठवड्यात बघू."

पुढचा आठवडा आला की तो पुन्हा म्हणायचा, पुढच्या आठवड्यात. डॉक्टरबाई रागावल्या, त्यांनाही तेच उत्तर. त्याचं चुकलं असं मी तरी कोणत्या तोंडानं म्हणू? तुमच्या घरातलं माणूस चार महिन्यांनी "पाणी" म्हणालं असतं, तर तुम्ही दिली असतीत का मला आठ दिवस?

माझ्यातली बाई हळूहळू जात होती. आधी ती शेजारच्या खोलीतून गातेय असं वाटू लागलं. मग बंद दाराआडून. दरवेळी सुईच्या टोकाला राखाडी भुगा जमायचा आणि काटेवाला "फू" करून उडवून द्यायचा. तो भुगा म्हणजे तीच होती, मित्रांनो. गाण्यातलं कळणाऱ्या माणसाला हे पहिल्या आठवड्यात कळलं असतं. याला कळलं तेव्हा हा म्हणाला, स्पीकर बिघडला. त्यानं डावा स्पीकर खोलला, तारा बदलल्या, दुसरा स्पीकर आणून बसवला. दुरुस्ती करणाऱ्या माणसाला बिघाड यंत्रातच दिसतो.

तिला मात्र आधीच कळलं होतं. ती खुर्ची डाव्या स्पीकरजवळ ओढून घ्यायला लावायची. मग पुढे वाकायची. मग स्पीकरच्या जाळीला कान लावून बसायची. माझ्यातल्या बाईनं सुरू करून दिल्याशिवाय तिला सुरू करता येत नव्हतं. डॉक्टरबाईंनी तीच ओळ स्वतः गाऊन बघितली, चांगली गायल्या. तिनं पाहुण्याचं ऐकावं तसं ऐकून घेतलं, पण तोंड उघडलं नाही. तिला तीच हवी होती. इतक्या वर्षांची सवय.

मग शब्द आले तसे परत जाऊ लागले. आधी "बस" गेला. मग "नको". "पाणी" गेला त्या दिवशी काटेवाल्यानं मला एकवीस वेळा वाजवलं. "अहो" सगळ्यांत शेवटी गेला. मंगळवार होता. बाप्यानं चार ओळींत विचारलं, आणि मग खरखर. नुसती खरखर. ती आ करून थांबली होती. गाणं संपेपर्यंत थांबली, आणि मग तिनं हळूच तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी काटेवाला मला छातीशी धरून त्या दुकानदाराकडे गेला. दुकानदार पोरगेलासा होता, पण कामात वाकबगार. त्यानं मला दिव्याखाली धरलं, भिंग लावलं, वाजवून संगणकावर दोन्ही बाजूंच्या रेषा बघितल्या.

"काका, उजवी बाजू येईल," तो म्हणाला. "पुरुषाचा आवाज बऱ्यापैकी निघेल. डावीकडे काही उरलं नाही हो."

"थोडं तरी? एक ओळ पुरे. तिसऱ्या गाण्यातली."

"भिंतच घासून गेलीय. तिथे काही नाहीच, तर काढू कुठून? सुईवर काही ठेवत होतात का?"

"पाच ग्रॅम," काटेवाला म्हणाला. मग कुणीतरी पुन्हा विचारल्यासारखा म्हणाला, "पाच ग्रॅम."

दुकानदारानं भिंग बाजूला ठेवलं. चांगला मुलगा होता. मग काटेवाल्यानं त्याला सगळं सांगितलं. तिचं आजारपण, गाणं, "अहो", पाणी. ऐकून त्या मुलाचा चेहरा एकदम उजळला.

"मग काका, हिची काय गरज आहे? काकू गायच्या ते तुम्ही फोनवर घेतलं असेल ना? तेच लावा की त्यांना! स्वतःचाच आवाज, त्याहून चांगलं काय? द्या इकडे, मी साफ करून देतो. आत्ता, पाच मिनिटांत."

काटेवाल्यानं खिशातून फोन काढला. मित्रांनो, मी टेबलावरून बघत होते. तो फोनमधे शोधू लागला. औषधांच्या चिठ्ठ्यांचे फोटो होते. एका तराजूचा तुटलेला दांडा होता. चुकून काढलेले स्वतःच्या अंगठ्याचे फोटो होते. तो पुढे पुढे जात होता आणि पुन्हा मागे येत होता. चार महिने, दिवसातून पंधरा वेळा ती गायली. फोन खिशात होता. त्यानं घेतलं नाही. लेकीनं घेतलं नाही, ती रडत बसली. डॉक्टरबाईंनी घेतलं नाही. सगळ्यांना माझीच काळजी. तबकडीची प्रत करा, तबकडी सांभाळा. ती समोर बसून गात होती, आणि तिची प्रत करायचं कुणाच्या मनातच आलं नाही. माझ्याही नाही.

"असेल, असेल कुठेतरी," तो दुकानदाराला म्हणाला, आणि मला घेऊन घरी आला.

घरी ती खुर्चीत बसून होती. त्यानं मला टेबलावर ठेवलं. यंत्राकडे गेलाच नाही. स्टूल ओढून तिच्यासमोर बसला, फोनवरचं बटण दाबलं आणि फोन तिच्या तोंडासमोर धरला.

"म्हण गं," तो म्हणाला. "एकदाच. कुठलंही म्हण."

ती फोनकडे बघत राहिली. मग त्याच्याकडे. तिला कळलं त्याला काय हवंय ते. तिनं तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताणल्या. काही आलं नाही.

"नुसतं अहो म्हण. अहो. म्हण ना."

तो बराच वेळ तसाच फोन धरून बसला. शेवटी त्यानं बटण बंद केलं आणि म्हणाला, "छान. छान म्हटलंस." ती रडायला लागली.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंनी शेवटी हात जोडून 'आम्हाला जपा' असं म्हणायचं असतं. मी नाही म्हणणार. बारा वर्षं मी कपाटात अगदी जपलेली होते, त्याचा कुणाला काय उपयोग झाला? आणि आता माझ्यात एक बाप्या उरला आहे. तो चार ओळींत विचारतो आणि उत्तराची वाट बघत बसतो. मला फेकलंत तरी चालेल. मी एवढंच सांगते, तुमच्या घरात कुणी गात असेल, गोष्ट सांगत असेल, नुसतं तुम्हाला हाका मारत असेल, तर ते आज फोनवर घेऊन ठेवा. आज म्हणजे आज. ते माणूस म्हणेल, चल, काहीतरीच तुझं! म्हणू दे. तरी घ्या.

काटेवाल्यानं आता दुकान पुन्हा उघडलं आहे. मी त्याच्याच फळीवर असते, वजनांच्या पेटीशेजारी. पाच ग्रॅमची खाच रिकामी आहे, ते वजन त्यानं कुठे टाकलं मला माहीत नाही. रोज दुपारी ती झोपली, की तो फोन काढून कानाला लावतो. त्यात चार मिनिटं आहेत. मला इथून सगळं ऐकू येतं. तो "म्हण गं, म्हण ना" म्हणतो, आणि मधल्या जागांत तिचा श्वास आहे. तेवढंच आहे. तो ते पुसून टाकत नाही.